दोन मिनिटांचं पाणी

गोटीने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढंच झालं. दूध संपवून तिने कप पुढे केला होता. आता ती 'ताऊ' म्हणणार आणि मी 'काय गं गोटे' म्हणणार, हे आमचं रोजचं ठरलेलं. 'ताई' जिभेला जमेना म्हणून ती मला ताऊ म्हणायला लागली, त्यालाही वर्ष होऊन गेलं. पण त्या सकाळी तिच्या ओठांनी तयारी केली, डोळ्यांनी मला नीट ओळखलं, आणि मधेच कुठेतरी, जिभेच्या अलीकडे की डोक्याच्या पलीकडे कोण जाणे, जागा रिकामी निघाली. सवयीने खण उघडावा, हात घालावा आणि नेहमीची वस्तू तिथे नसावी, तेव्हा माणसाचा चेहरा होतो तसा माझ्या तीन वर्षांच्या बहिणीचा चेहरा झाला. मग तिने कप टेबलावर आपटला आणि भोकाड पसरलं. आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "झालं हिचं सुरू." बाबा नमुन्यांची पिशवी भरत होते, ते म्हणाले, "भूक असेल अजून." मी काहीच म्हटलं नाही, आणि हल्ली मी काहीच म्हणत नाही असं सहसा होत नाही. हरवलेला हा पहिलाच शब्द नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

गोटीच्या शब्दांची माझ्याकडे यादी आहे. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि मी, खरं सांगायचं तर, तिच्याहून कमी बोलायचे. वर्गात प्रश्न आला की मी बाकाखाली वाकून बुटाची लेस बांधायचे, आणि माझ्या बुटांना लेस नव्हतीच. अशा मुलीला दुसऱ्याचे शब्द जमवायचा छंद लागला तर त्यात नवल नाही. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानापासून उलटं लिहीत यायचं: तारीख, शब्द, आणि तो कुठे सांडला. 'दिवा', जिन्यात. 'नको', बाथरूममध्ये, साबणाला उद्देशून. 'पुना', माझ्या पाठीवर, म्हणजे पुन्हा उडी मार. मग यंदा वादविवाद स्पर्धेला आमच्या वर्गातली मुलगी ऐन वेळी आजारी पडली आणि बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले आणि तोंडातून जे निघालं ते थांबेचना. चार मिनिटांची घंटा झाली तरी मी बोलतच होते, परीक्षक हसत होते, आणि मला त्यांच्या हसण्याचा राग येण्याऐवजी आणखी चेव येत होता. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही असं आईचं मत आहे. बाबा मला वकीलसाहेब म्हणायला लागले. जिन्यात, रस्त्यात, आरशासमोर, कुठेही मी स्वतःचा आवाज ऐकत चालायचे, नवे बूट घातल्यावर त्यांचाच आवाज ऐकत चालावं तशी. या सगळ्या आनंदात वहीची मागची पानं कधी थांबली ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्या सकाळी मी ती उघडली. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. मी एकेक शब्द वाचत गेले आणि स्वतःला विचारत गेले, हा हल्ली ऐकलास का? दिवा नाही. पुना नाही. खिडकी, म्हणजे 'खिकी', नाही. एका घराला शब्दांचा ठरावीक कोटा असतो आणि माझ्या बोलण्यापायी गोटीच्या वाट्याचे संपतायत की काय, असं मला क्षणभर खरंच वाटलं. शाळेत हे कुणाला सांगितलं असतं तर माझी चेष्टाच झाली असती. पण संशय असाच येतो, आधी स्वतःवर.

मग तो इतरांवर सरकला. गोटी बदलली होती, आणि आम्ही तिघंही रोज बघत असल्यामुळे आम्हाला ते दिसत नव्हतं. ती टेबलाखाली पोट धरून बसायची. चार-चार दिवस शी व्हायची नाही. गाल खडूसारखे झाले होते, आणि उचलून घेतलं की आधी बिलगणारी ही पोर आता बोचकारायची. आईने तिला दोनदा डॉक्टरांकडे नेलं होतं, दोन्ही वेळा मी बरोबर होते. पहिल्यांदा डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?" आणि आईची मान अशी काही ताठ झाली, जणू तिला कुणी पदक दिलं. "पाण्याची काळजीच नाही हो. आमचे हे पाणीखात्यातच आहेत, सगळ्या शहराचं पाणी तपासतात. त्यातून मी परत उकळते." डॉक्टरबाई हसल्या, "मग प्रश्नच मिटला," म्हणाल्या, आणि जंताचं औषध लिहून दिलं. दुसऱ्या खेपेला पाण्याचं विचारलंच नाही. लोहाचं टॉनिक दिलं. त्या टॉनिकने गोटीचे दात काळे झाले आणि पोट आणखी बिघडलं. मी आधी त्या बाटलीवर संशय घेतला. मग तिच्या लाकडी बदकाच्या रंगावर. ते मी तिच्या हातातून काढून कपाटावर ठेवलं आणि तिने माझ्या हाताचा चावा घेतला. मग आईच्या शिवणाच्या खडूवर, मग दुधाच्या डब्यावर, कारण साधं दूध गोटीला सोसत नाही, अंगावर पुरळ येतं, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून तिला दिवसातून तीनदा देतात. डब्यावरची बारीक अक्षरं मी भिंग घेऊन वाचली. आई म्हणाली, "अगं ए गुप्तहेर, अभ्यासाच्या पुस्तकाला कधी लावलंस का ते भिंग?" मी म्हटलं, "पुस्तक गोटी खात नाही." बाबा खो-खो हसले. मला आठवतंय, ते हसत होते आणि हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं, आणि ते पाणी मला दिसत होतं, आणि तरीही दिसत नव्हतं.

धातूंचा धडा चालू होता म्हणून त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी एक खोकं आणलं आणि आतल्या वस्तू वर्गात फिरवल्या. तांब्याची तार, जस्ताची पट्टी, एक गंजका खिळा, आणि वीतभर लांबीचा करडा, जाड पाइप. तो माझ्या हातात आला तेव्हा अपेक्षेपेक्षा इतका जड होता की हात खाली गेला. लहान दिसणाऱ्या बाळाला उचलावं आणि ते भलतंच वजनदार निघावं, तसा. "हे शिसं," बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शिसपेन्सिल," आणि बाईंनी शिसपेन्सिलीत शिसं नसतंच हे सांगितल्यावर पेन्सिली चावणारा अर्धा वर्ग नाराज झाला. "लोहचुंबक याला चिकटत नाही. नखानेसुद्धा ओरखडा उठतो. ओरखडलं की आत चांदीसारखं लख्ख. जुन्या इमारतींना रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंत हेच पाइप असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. पाणी त्यात तासन्तास उभं राहिलं की शिसं थोडं थोडं उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही; उलट पाणी आटतं आणि ते मागे राहतं." मी विचारलं, "त्याने होतं काय?" बाई फळा पुसत होत्या. "मोठ्या माणसांना हळूहळू त्रास होतो. लहान मुलांना लवकर. पोट दुखतं, रक्त कमी होतं. मेंदूवर परिणाम होतो, शिकलेलंसुद्धा मागे पडतं." हे त्यांनी उद्याचा गृहपाठ सांगावा त्याच सुरात सांगितलं, आणि पुढच्या ओळीतल्या मुलीने ते तसंच उतरवून घेतलं: शिकलेलं मागे पडतं, पूर्णविराम. माझ्या हातात अजून तो पाइप होता. तो करडा रंग मी आधी पाहिलेला होता. रोज पाहत होते. चमचा पडला की उचलायला ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकतो, तिथे.

घरी आल्यावर दप्तरही न काढता मी सिंकखालचं दार उघडलं. आई दुकानात कपडे पोचवायला गेली होती, गोटी झोपली होती. फडकी, साबणाचा डबा, उंदराच्या पिंजऱ्याचा सांगाडा बाजूला केला. जमिनीतून एक पाइप वर आलेला, मधे कुणीतरी मुठीएवढी फुगीर गाठ मारून जोडलेला, त्यावर हिरवा रंग, आणि रंगाचे पोपडे उडालेत तिथे तो करडेपणा. कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि टोक टेकवलं. जोर लावावाच लागला नाही. लोण्यात सुरी जावी तसं नाही, पण खडूत जावी तसं ते आत गेलं आणि एक बारीक रेघ उमटली, पांढरी, लखलखीत, इतकी सुंदर की मी आणखी एक काढली. मग सुचलं ते केलं आणि पुढे कितीतरी दिवस त्याची लाज वाटत राहिली: त्या पाइपावर मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. शोध लावल्याचा आनंद झाला होता मला. घाणेरडा, टाळ्यांच्या कडकडाटासारखा आनंद. आतून गोटी झोपेत कण्हली तेव्हा तो उतरला, आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं, ज्याला मी खूप वेळ नाव देत नव्हते. कारण या पाइपातून येणारं पाणी तपासलेलं होतं. दर मंगळवारी. माझ्या बाबांनी.

बाबा पाण्याचे नमुने घेतात, अठरा वर्षं. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं होतं. फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर गल्लीचं नाव. सगळं शहर बाटल्यांत शहाण्यासारखं बसलंय असं मला वाटलं, आणि माझे बाबा त्या शहराचे वर्गशिक्षक. रस्त्यात लोक त्यांना थांबवतात, "काय साहेब, आज पाणी पिऊ का?" आणि ते म्हणतात, "प्या की, माझ्या नावावर प्या." आमच्या गल्लीचा नमुना आमच्याच नळाचा असतो. आधी ते वेगवेगळी दारं ठोठावायचे, पण इतक्या सकाळी कुणाला माणूस घरात नको असतो, कुणी दाराच्या फटीतूनच 'उद्या' म्हणतं. मग त्यांनी आपलं स्वयंपाकघर नेमून टाकलं. "आपल्या घरचं तेच गल्लीचं," ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांना आपण उदार आहोत असं वाटायचं हे मला दिसायचं. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले आणि मी त्यांच्या पिशवीतली कागदांची चवड काढली. जंतू: नाहीत. क्लोरीन: योग्य प्रमाणात. आणि सहा महिन्यांतून एकदा निघणाऱ्या वेगळ्या, लांब कागदावर धातूंची रांग, त्यात शिसे: आढळले नाही. तीन कागद, तिन्हींवर तेच. खाली बाबांची सही, शेवटच्या अक्षराला पतंगाची शेपूट. मी ती शेपूट बघत राहिले. खोटं लिहिणारा माणूस इतक्या झोकात सही करील का? की ज्याला सवय झालीय तो अशीच करील? आतून पाण्याचा आवाज येत होता आणि बाबा काहीतरी गुणगुणत होते, आणि मला ते गुणगुणणं खोटं वाटलं. एकदा संशय आला की माणसाचं सगळंच दुसऱ्यासारखं वाटायला लागतं. आंघोळीतून बाहेर आलेल्या बाबांचे भिजलेले कान मी चोराचे कान बघावे तसे बघितले.

आणि मग मला पेला दिसला. बाबा पातेल्यातलं पाणी पीत नाहीत. घरात पिण्याचं पाणी त्या मोठ्या पातेल्यात असतं. सकाळी भरायचं, उकळायचं, झाकून ठेवायचं. आईचा चहा त्यातला, माझी शाळेची बाटली त्यातली, गोटीचं तिन्ही वेळचं दूध त्यातलं. बाबांचा पेला तेवढा थेट नळाखालचा. हे मी जन्मापासून बघत होते आणि बघितलं मात्र आता. तीन दिवस पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पातेल्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. "घ्या बाबा." "नको गं, मी ताजं घेतो." "यात काय वाईट आहे?" "वाईट कसलं? उकळलेलं पाणी मला शिळं लागतं," म्हणाले, आणि नळाकडे वळले. मी तो पेला हातात घेऊन उभी राहिले. म्हणजे यांना माहीत आहे. यांना माहीत आहे आणि हे आपलं तेवढं बाजूला काढून घेतात. ही गोष्ट माझ्या मनात इतकी स्पष्ट, इतकी वादविवाद स्पर्धेतल्या मुद्द्यासारखी टोकदार उभी राहिली की मी घाबरले. बोलायला लागले तर चार मिनिटांत मी माझ्या बापाला दोषी ठरवीन आणि परीक्षक मला पहिला नंबर देतील. म्हणून मी बोलले नाही. मंगळवारची वाट बघितली. गोटीला दूध पाजायचं काम माझंच होतं. पाइप सापडल्यापासूनच मी तिचं दूध शाळेच्या नळावरून भरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात कालवलं. आईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी टेबलाशी पुस्तक उघडून बसले. बाबांनी पिशवीतून छोटा गॅसचा दिवा काढला, नळाचं तोंड पुसलं, ज्योत त्यावरून फिरवली. हे त्यांचं काम बघणं मला नेहमी आवडायचं, मन लावून केलेलं काम कुणालाही आवडतं. मग त्यांनी नळ पूर्ण उघडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटं. हा त्यांचा नियम आहे, नमुना असो नसो. दोन मिनिटं पाणी सोडल्याशिवाय ते घोटही घेत नाहीत. यावरून लग्नानंतर पहिलं मोठं भांडण झालं होतं म्हणे. आई ज्या घरात वाढली तिथे पाणी गाडीने यायचं आणि एक भांडं सांडलं तर दोन दिवस अबोला धरला जायचा. "दोन मिनिटं? अहो, नळ आहे की धबधबा?" ती म्हणाली होती. त्या भांडणाचा तह म्हणजे ते पातेलं. नळ बाबांनी सोडायचा, धार आईने धरायची. त्यांचा नियम पाळला जातो, हिचं पाणी वाया जात नाही. पाहुण्यांनासुद्धा हे कौतुकाने सांगितलं जायचं, संसार असा करावा म्हणून. आत्ताही बाबांनी नळ उघडायच्या आधीच आईने न बघता पातेलं खाली सरकवलं होतं. धार आधी टणटण वाजली, मग भरलेल्या भांड्यात मऊ झाली. दोन मिनिटं झाली. आईने पातेलं ओढलं, बाबांनी बाटली धरली, बाटली भरली, झाकण, चिठ्ठी. मग त्यांचा पेला. आणि पातेलं आईच्या हातातून माझ्या हातात आलं, कारण त्यापुढचं काम माझं. मी ते शेगडीवर ठेवलं, गॅस पेटवला, आणि काडी विझवता विझवता माझा हात हवेतच राहिला. पाणी एका हातातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेलं होतं, आणि तिसरा हात माझा होता. दीड वर्ष.

"बाबा," मी म्हटलं, "आधीचं पाणी बाटलीत का नाही भरलंत?"

"कुठलं आधीचं?"

"हे. पातेल्यातलं."

"ते सोडायचंच असतं. पाइपात साचलेलं असतं ना, तो नमुना धरत नाहीत."

"धातूंच्या बाटलीलासुद्धा?"

"बाटली वेगळी, पद्धत तीच. अठरा वर्षं तीच."

"पण का सोडायचं?"

"कारण ते शहराचं पाणी नसतं, वकीलसाहेब." त्यांना माझे प्रश्न आवडतात, ते खूश होऊन सांगत होते. "ते नुसतं पाइपाचं पाणी. मला शहराचं तपासायचं असतं."

"मग पाइपाचं कोण तपासतं?"

बाबा हसले. "पाइपाचं पाणी पितो कोण, वेडे?"

पातेल्याच्या तळाला पहिले बारीक बुडबुडे धरले होते. बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्यामागचा माणूस निघून गेला, असं मला दिसलं. ते पातेल्याकडे बघत होते. मग गोटीच्या कपाकडे. आई म्हणाली, "अहो." नुसतं अहो. त्यात प्रश्न नव्हता, काही नव्हतं. मी जे पाच दिवस मनात घोकत होते, ते चार मिनिटांचं भाषण, त्यातला एक शब्दही उरला नाही. यांना माहीत नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्या बापावर रागावता येतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

मी सिंकखालचं दार उघडून दाखवलं. बाबा गुडघ्यांवर बसले, चष्मा वर केला आणि नखाने माझ्या अक्षराशेजारी एक रेघ ओढली. ती चमकली. "हे कोरलंय कुणी?" त्यांनी विचारलं. "मी." "कधी?" "गुरुवारी." "आणि आज मंगळवार," ते म्हणाले. रागाने नाही. माझ्यावर संशय घेण्याचा हक्क त्यांनाही होता, हे मला तेव्हा कळलं. "गोटीला मी शाळेचं पाणी देत होते," मी म्हटलं, "गुरुवारपासून." आईने वळून माझ्याकडे पाहिलं. "आणि मला?" ती म्हणाली. आईच्या चहाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे हात ते ओतेनात. मग तिने ते जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीही नळाला हात लावला नव्हता. बाबांनी बाटली आधी धरली आणि मग नळ उघडला. त्यांच्या उजव्या हाताची बोटं धारेपासून बाटली मागे घ्यायला बघत होती आणि डावा हात ती पुढे दाबून धरत होता. कागदावर एक रकाना असतो: नमुन्यापूर्वी नळ किती वेळ सोडला. तिथे त्यांनी लिहिलं, शून्य. सहीला शेपूट काढली नाही. आकडा चार दिवसांनी आला, चालतं त्याच्या अकरा पट. सोबत त्याच सकाळी दोन मिनिटांनंतर भरलेल्या बाटलीचा कागदही होता: आढळले नाही. म्हणजे बाबांचे जुने तिन्ही कागद खरे होते. आणि याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टरबाईंनी गोटीचं रक्त घेतलं, मग आम्हा तिघांचंही. "मी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता," त्या हळूच म्हणाल्या. "हो," आई म्हणाली, "विचारलं होतंत." गोटीच्या रक्तातलं शिसं सर्वांत जास्त, कारण ती सर्वांत लहान आणि दिवसातून तीन कप. बाबांचं सर्वांत कमी. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि कुणाला दाखवला नाही. "रक्तातलं उतरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाकीचंही बरंच भरून निघेल, लहान आहे." मी विचारलं, "बरंच म्हणजे किती?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझं आईपेक्षा थोडं कमी आलं, पण आलं. परवा वर्गात बोलता बोलता मला 'पडसाद' हा शब्द आठवेना. साधा शब्द, आठवेना म्हणजे आठवेना, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत असताना मी तोंड उघडून उभी होते आणि मला माहीत होतं की मी गोटीसारखी दिसतेय. शब्द सगळेच विसरतात. पण यापुढे एखादा शब्द अडला की तो माझ्यामुळे अडला की पाइपामुळे, हे मला कधीच कळणार नाही. बाबा आता रोज सकाळी गल्लीत दारं ठोठावतात, एकेका घरची न सोडलेली पहिली धार बाटलीत भरतात. "काय साहेब, पाणी पिऊ का?" लोक विचारतात. "थांबा," ते म्हणतात, "आधी मला आत येऊ द्या." काही जण अजूनही फटीतूनच 'उद्या' म्हणतात. बाबा जिन्यात उभे राहतात.

पाइप बदलायला रस्ता खणायचाय, त्याला वेळ आहे. प्यायचं पाणी बाबा कचेरीतून कॅनमधून आणतात. पातेलं आईच्या मशीनवर आहे, त्यात रिळं आणि बटणं. पण धुण्याभांड्यांसाठी नळ लागतोच, आणि सकाळी बाबा तो दोन मिनिटं सिंकमध्ये सोडतात. तेवढा वेळ आई पाठ करून खिडकीत उभी राहते, कारण ते वाहणं तिला अजून बघवत नाही. काल असाच नळ चालू होता. गोटी खुर्ची ओढत आली, वर चढली आणि तिने आपला कप धारेखाली धरला. तिची काय चूक. सगळ्या घराने मिळून तिला हेच तर दाखवलं होतं. मी कप हिसकावून ओतून टाकला आणि डोक्यावर उंच धरला. तिचं तोंड उघडलं. ओठांनी तयारी केली. "ऊ," ती म्हणाली. ते नुसतं रडणं असू शकतं. लाल होऊन तिने माझं पोट दोन्ही मुठींनी बडवलं. "ताऊ. दे."

आई खिडकीतून वळली. बाबांची नजर घड्याळावरून उठली होती, ते मोजायचे थांबले होते, आणि पाणी तिसऱ्या मिनिटात वाहत राहिलं. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी ऐकलं ना म्हणून. ऐकलं होतं. पण एका नमुन्यावरून काही ठरत नाही, हे मला बाबांनीच शिकवलंय. मी टाचा उंचावल्या आणि कप आणखी वर धरला.